तिसऱ्या ठिकाणची मोजणी

शहराच्या रस्ते विभागात तिला सोळा वर्षं झाली होती आणि त्यातली आठ एकाच रस्त्यामागे गेली होती. रेल्वे स्टेशनपासून मोठ्या रुग्णालयावरून पुलापर्यंत जाणारा तीन किलोमीटरचा रस्ता. सरकारी कागदांत त्याला नुसता क्रमांक होता. लोक त्याला 'अडकणी' म्हणत. "अडकणीवर आहे, येतोच," असा फोन आला की घरची माणसं गॅस बंद करून टाकत, कारण जेवण गरम करायला अजून तासभर होता.

रस्ता रुंद करायचा तर तेवढी ऐपत शहराची नव्हती. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाकडून अशा कामांना अनुदान मिळे. शहराने दोनदा अर्ज केला होता आणि दोनदा तो परत आला होता. दुसऱ्या वेळच्या पत्रात एकच कारण होतं: गर्दीचा पुरावा अपुरा. शहर अभियंता, ज्यांना सगळं ऑफिस मोठे साहेब म्हणायचं, त्यांनी ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. रोज चहा पिताना ते त्याच्याकडे बघत आणि चहा अर्धा ठेवत.

या खेपेला पुराव्यासाठी त्यांनी एका कंपनीकडून रस्त्यावर मोजणीची यंत्रं बसवून घेतली. रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकायच्या, गाडीचं चाक वरून गेलं की यंत्रात एक आकडा वाढतो. आठवड्याने आकडे आले. तिने पहिलं पान उघडलं आणि खुर्चीत मागे टेकून बसली. यंत्राच्या मते रोज सकाळी साडेनऊ वाजता अडकणी जवळजवळ रिकामी असे.

"असं कसं होईल?" मोठे साहेब म्हणाले.

"गाड्या नळीवर येऊन उभ्याच राहतात, साहेब. चाक नळी दाबून बसलं की बाजूने सरकणारी दुसरी गाडी यंत्राला कळतच नाही."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. अर्ज भरायची शेवटची तारीख सतरा दिवसांवर होती. मंत्रालयाच्या नमुन्यात यंत्राऐवजी माणसांनी केलेली मोजणीही चालणार होती: सहा ठिकाणं, सलग तीन कामाचे दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सात. दोन पाळ्या धरल्या तर बारा माणसं लागत होती. विभागात रिकामी माणसं दोन होती आणि त्यातला एक पायाला प्लास्टर घालून बसला होता.

त्या दिवशी जेवताना तिने हे सगळं घरी सांगितलं. घरात तिघं: ती, तिचा नवरा आणि तिचे वडील. नवरा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि जेवताना फारसा बोलायचा नाही. बाबा बोलायचे. त्यांनी एकतीस वर्षं नऊ नंबरची बस चालवली होती, म्हणजे एकतीस वर्षं अडकणीवरच काढली होती. डेपोत त्यांना 'सावकाश' म्हणत. कोणी त्यांना मागे टाकून पुढे गेलं की हे खिडकीतून हात बाहेर काढून शांतपणे म्हणत, "सावकाश." एवढंच. शिवी कधी दिली नाही.

"बारा माणसं ना?" बाबा म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत देतो."

"बाबा, हे कंटाळवाणं काम आहे. सहा तास एका जागी बसून गाड्या मोजायच्या."

"मग इतकी वर्षं मी काय करत होतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तिच्या ऑफिसच्या दारात बारा निवृत्त माणसं उभी होती. बाबांसह आठ ड्रायव्हर, दोन कंडक्टर, तिकीट तपासायची एक बाई, जिच्या नजरेला डेपोतले सगळे अजूनही टरकून होते, आणि एक मेकॅनिक. मेकॅनिकला सगळे 'पाना' म्हणत, कारण तो बोलताना समोरच्याच्या छातीवर पान्यासारखं बोट आपटायचा. बाबांचा तो चाळीस वर्षांचा मित्र. दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नव्हतं आणि एक दिवस भेट झाली नाही तर दोघांना चैन पडत नसे.

तिने सगळ्यांना कॉन्फरन्सच्या खोलीत बसवलं आणि अंगठ्याने दाबायचे काउंटर वाटले. डाव्या हातातला पुलाकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी, उजव्या हातातला स्टेशनकडे येणाऱ्या. दर पंधरा मिनिटांनी आकडा कागदावर लिहायचा. पाच मिनिटांत खोलीभर नुसती टकटक सुरू झाली. मोठे साहेब दारातून डोकावले, त्यांच्याकडे पाहिलं आणि निघून गेले. पण जाताना हसत होते, असं शिपाई नंतर म्हणाला.

ठिकाणांची वाटणी बाबांनीच केली. रुग्णालयाच्या फाटकासमोरचं तिसरं ठिकाण, सकाळची पाळी, त्यांनी स्वतःकडे ठेवली. चौथं, पुलाच्या पायथ्याचं, पानाकाकांना दिलं.

"म्हणजे माझ्याकडे धूळ आणि तुझ्याकडे नर्सा," पानाकाका म्हणाले.

"तुझं नाक आधीच चोंदलेलं आहे. तुला धुळीचं काय?"

मंगळवार ते गुरुवार मोजणी झाली. ती रोज सकाळी स्कूटरवरून सहाही ठिकाणी फेरी मारायची, पाण्याच्या बाटल्या द्यायची, कागद गोळा करायची. म्हाताऱ्यांना उधाण आलं होतं. तिकीट तपासनीस बाईंनी एका मोटारवाल्याला, तो दोनदा वळून आला म्हणून, "तुम्ही एकदा मोजलेले आहात," असं सुनावलं होतं. बाबा फाटकासमोर कापडी खुर्चीत ताठ बसलेले असत, दोन्ही हात मांडीवर, अंगठे चालू. ती आली की मान न वळवता म्हणत, "आली का इंजिनिअर. बोलू नकोस, आकडा चुकेल."

शुक्रवारी ती सगळे कागद घेऊन बसली. तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणाच्या मध्ये एकही गल्ली फुटत नाही, वळायला जागा नाही. म्हणजे चौथ्यावरून गेलेली गाडी तिसऱ्यावर आलीच पाहिजे आणि तिसऱ्यावरची चौथ्यावर. हे दोन आकडे जुळले की मोजणी खरी. दुपारच्या पाळीचे जुळले. सकाळचे, पुलाकडे जाणारे, तेही जुळले. पण सकाळी स्टेशनकडे येणाऱ्या गाड्या पानाकाकांच्या कागदावर होत्या त्यापेक्षा बाबांच्या कागदावर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होत्या. तिन्ही दिवस.

दोघांपैकी एकाचं चुकत होतं, आणि ते बाबा असतील असं तिच्या मनात आलंच नाही. पानाकाका बोलता बोलता टकटक करत बसले असणार. तिने त्यांना फोन केला आणि जमेल तितक्या हळुवारपणे विचारलं.

पानाकाका भांडतील असं तिला वाटलं होतं, पण ते भांडले नाहीत.

"माझंच चुकलं असेल, पोरी," ते म्हणाले. "वय झालं. अंगठा थरथरतो. माझेच आकडे काढून टाक तू."

फोन ठेवून तिने पाचव्या ठिकाणाचे कागद पुढे ओढले. पाचवं ठिकाण पुलाच्या पलीकडच्या टोकाला होतं. पानाकाकांचे आकडे त्याच्याशी चोख जुळत होते, पाच-दहा गाड्या इकडे तिकडे. तिने पुन्हा बाबांचे कागद हातात घेतले. आता तिला ते दिसलं जे तीन दिवस समोर असून दिसलं नव्हतं. बाबांचे आकडे चौकटीत बसत नव्हते. पहिला अंक चौकटीत, दुसरा रेघेवर, तिसरा शेजारच्या रकान्यात. आणि केवढे मोठे. तिचे बाबा, जे डेपोची नोंदवही मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचे.

घरी गेल्यावर तिने आधी नवऱ्याला गाठलं. तो गॅलरीत वाळलेले कपडे काढत होता.

"बाबांना नीट दिसत नाही का? तुला काही वाटलं?"

त्याने एक शर्ट घडी केला, मग दुसरा. "परवा तिन्हीसांजेला मी दार उघडून आत आलो तर मला म्हणाले, या, बसा. मला वाटलं चेष्टा करतायत. म्हणून बसलो. मग पाच मिनिटांनी विचारलं, आपण कोणाकडे आलात?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनीच नको म्हणून सांगितलं. हात धरून सांगितलं."

बाबा आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. कागद तिच्या हातात होते, पण ते तिने दाखवले नाहीत. दाखवून काय उपयोग, हे तिला आता कळत होतं.

"बाबा, पलीकडच्या गाड्या कशा मोजल्यात?"

बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला. मग बंद केला.

"कानाने," ते म्हणाले. "बस कळते, ट्रक कळतो. मोटारीही बऱ्याच कळतात. दुचाक्या घोळक्याने आल्या की गोंधळ होतो. आणि आता त्या बिनआवाजाच्या गाड्या निघाल्यात, त्या तर भुतासारख्या जातात. किती चुकल्या?"

"तिसरा हिस्सा."

"एवढ्या," ते म्हणाले. "मला वाटलं थोड्या चुकतील. पानाने काही सांगितलं का?"

"ते म्हणाले, त्यांचंच चुकलं."

"गाढव आहे तो," बाबा म्हणाले, आणि बंद रेडिओचं बटण फिरवत राहिले.

उजव्या डोळ्याने चार-पाच वर्षं अंधुक दिसत होतं आणि सहा महिन्यांपासून नुसता धूर. डावा बरा होता, पण त्यालाही रस्त्याची अलीकडची बाजू तेवढी नीट दिसायची. पानाकाकांना ते पहिल्यापासून माहीत होतं. बाबांना बसचा नंबर वाचता येईना तेव्हा तेच थांब्यावर बरोबर उभे राहून नंबर सांगायचे, वर भांडायचे, म्हणजे लोकांना संशय येऊ नये.

"मला का सांगितलं नाहीत?"

"डोळे गेले म्हटलं की तू मला खाली दूध आणायलाही पाठवणार नाहीस. मी तुला ओळखतो. लहानपणी मी शिंकलो तरी तू मला पांघरूण आणून द्यायचीस."

तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. तिने दोन्ही गिळलं आणि उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असं सांगितलं. बाबा हो म्हणाले. मग म्हणाले, "आणि तुझ्या अर्जाचं काय?"

तेच मोठ्या साहेबांनीही शनिवारी विचारलं. तिने घडलं ते सांगितलं, वडिलांचं नाव न लपवता. साहेबांनी काचेखालच्या पत्रावर हात ठेवला.

"चौथ्याचे आकडे खरे आहेत ना? मग तेच तिसऱ्यावर लिहा. मध्ये गल्ली नाही. आकडे तेच येणार. यात खोटं काय?"

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि म्हणूनच तिला उत्तर द्यायला जड गेलं. "साहेब, तसं लिहायचं तर तिथे माणसाने बसून मोजलं असं लिहावं लागेल. खाली सही बाबांची आहे. मी त्यांच्या सहीवर दुसऱ्याचे आकडे कसे चढवू?"

साहेबांनी पत्रावरचा हात काढला. निवृत्तीला त्यांना दीड वर्ष राहिलं होतं, आणि जाण्याआधी हा एक रस्ता व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी," शेवटी ते म्हणाले. "मंगळवार, बुधवार, गुरुवार सकाळ. तुम्ही स्वतः बसा. दुपारी ऑफिसात या. मला माणूस देता येणार नाही."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. बाबा खुशीत बाहेर आले, जणू डॉक्टरांनी त्यांना शाबासकी दिली होती.

मंगळवारी सकाळी पावणेसातला ती निघाली तेव्हा बाबा दारात कापडी खुर्ची काखेत धरून उभे होते. दुसरी खुर्चीही त्यांनी काढून ठेवली होती.

"अलीकडची बाजू मला दिसते," ते म्हणाले. "पलीकडची तू घे. दोन बाजू एकट्याने मोजशील तर डोळे फिरतील."

"आणि अलीकडची चुकली तर?"

"तर पाना आहेच. तो चौथ्यावर बसतोय. त्याला मी सांगितलंय, आज खरं बोल."

असे ते दोघं रुग्णालयाच्या फाटकासमोर खुर्च्या टाकून बसले. बापलेक इतका वेळ एका जागी शेजारी बसल्याला किती वर्षं झाली असतील, तिला आठवेना. आई असताना ती मध्ये असायची. आई गेल्यावर ऑफिस मध्ये आलं. आता मध्ये पाण्याची बाटली होती आणि दोघांचे अंगठे चालत होते. बोलायचं तर पंधरा मिनिटांचा आकडा लिहून झाल्यावर अर्ध्या मिनिटात.

त्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांत तिला कितीतरी गोष्टी कळल्या. या फाटकापाशी बाबा कायम हॉर्न न वाजवता जायचे, कारण आत माणसं आजारी. तिच्या आईशीही ते इथेच पहिल्यांदा बोलले होते: ती बसच्या पायरीवर अडकलेली चप्पल काढत होती आणि हे गाडी सुरू न करता थांबले होते.

"मागच्या गाड्या ओरडत असतील," ती म्हणाली.

"ओरडत होत्या. तिने चप्पल काढायला फार वेळ लावला. नंतर म्हणाली, मुद्दाम लावला."

पुढचा आकडा.

आठ वर्षं तिने हा रस्ता कागदावर पाहिला होता, स्कूटरवरून पाहिला होता, गर्दीत अडकून शिव्याही घातल्या होत्या. एका जागी बसून कधी पाहिला नव्हता. साडेआठच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की पलीकडच्या गाड्या संथपणे का होईना, पण सरकत असतात, आणि मग एकदम ठप्प होतात. दर काही मिनिटांनी. तिने मान उंच करून पाहिलं. समोर बसथांबा होता. त्याच्यापुढे कडेला मोटारी लावलेल्या, त्यामुळे बस कडेला येऊच शकत नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध थांबायची. थांब्यावरच्या तीस-चाळीस माणसांना बस येते की नाही हे दिसण्यासाठी फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागे, कारण थांब्यालगतची भिंत आड येत होती. काठी टेकत जाणारे, हाताला पट्टी बांधलेले, कडेवर मूल घेतलेले, सगळे गाड्यांच्या मधून वाट काढत बसकडे जायचे. तोवर मागे अख्खा रस्ता उभा.

"किती वेळ थांबली?" बाबांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं, पण बसचं इंजिन ऐकू येत होतं.

"मोजलं नाही."

"मी मोजलं. अठ्ठेचाळीस सेकंद. कडेला लागली असती तर पंधरात निघाली असती, आणि मागच्या गाड्या बाजूने गेल्या असत्या. हे मी डेपोत किती वेळा लिहून दिलं."

मग त्यांनी तिला तो प्रश्न विचारला, अगदी सहज, बाटलीचं झाकण फिरवता फिरवता.

"तुझ्या नकाशात ही माणसं कुठे उभी राहतात?"

"फूटपाथवर."

"किती रुंद आहे तुझा फूटपाथ?"

तिच्या नकाशात दोनाचे चार पदर झाले होते आणि ती जागा फूटपाथमधून आली होती. "एक मीटर," ती म्हणाली.

बाबांनी डबा उघडला, तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "एका मीटरमध्ये मी बसेन आणि हा डबा बसेल. तू कुठे बसशील?"

तिला हसू आलं आणि मग ते ओसरलं. समोर एक बाई एका हाताने म्हाताऱ्या आईला धरून आणि दुसऱ्या हाताने मोटारीला थांब अशी खूण करत रस्ता ओलांडत होती. त्या पंधरा मिनिटांचा तिचा आकडा चुकला, आणि तसं तिने कागदावर लिहिलं. पुढे कागदाच्या कडेला तिने बाबांनी सांगितल्याप्रमाणे आणखी एक रकाना आखला: प्रत्येक बस किती सेकंद थांबली, मागे किती गाड्या अडल्या आणि बसमध्ये साधारण किती माणसं होती. सेकंद बाबा सांगत, गाड्या आणि माणसं ती बघे. बाकीच्या तीन थांब्यांवर बाबांनी डेपोतली माणसं तोच रकाना भरायला बसवली. तिसरी सकाळ संपली तेव्हा त्या रकान्यातून जे निघालं ते पाहून ती स्वतःच चकित झाली. अडकणीवरून जाणाऱ्या माणसांतली निम्म्याहून जास्त बसमध्ये होती, आणि रस्ता जितका वेळ तुंबलेला असे त्यातला मोठा भाग फक्त चार थांब्यांपाशी जात होता.

गुरुवारी दुपारी ती नवा नकाशा घेऊन मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली. रस्ता चार पदरी नव्हता, तीन पदरी होता. चारही थांब्यांपाशी बसला कडेला शिरायला खोबण होती आणि फूटपाथ अडीच मीटरचा.

"अर्ज उद्या जायचा आहे," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही मला आज सांगताय की रस्ता कमी रुंद करायचा. ज्या अर्जाचं नावच रुंदीकरण आहे."

"रुंदच होतोय, साहेब. फक्त सगळा गाड्यांसाठी नाही."

"हे आकड्यांत आहे?"

तिने रकाना दाखवला. साहेबांनी तो बोट ठेवून ओळ न ओळ वाचला. वाचताना एकदा थांबून त्यांनी विचारलं, "सेकंद कोणी मोजले?" तिने सांगितलं. साहेबांनी मान हलवली, पेन उघडलं आणि पानापानावर सही केली. शेवटच्या पानावर शेरा होता. त्यात तिने लिहिलं होतं की तिसऱ्या ठिकाणची सकाळची पहिली मोजणी सदोष आढळल्यामुळे ती पुढच्या आठवड्यात पुन्हा केली. तिथे त्यांचा हात क्षणभर थबकला. मग त्यांनी तिथेही सही केली.

अर्ज गेला. ठरल्या तारखेला बाबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पानाकाका रुग्णालयाच्या बाकावर सकाळपासून येऊन बसले होते आणि नर्सला, डॉक्टरांनी हात धुतले का, असं त्यांनी तीनदा विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बाबांनी आधी छत पाहिलं, मग खिडकी, मग तिच्याकडे वळले आणि बराच वेळ बघत राहिले.

"तुझे केस पांढरे झाले," ते म्हणाले.

"चार वर्षं झाली, बाबा."

"मला वाटायचं उजेड पडलाय." त्यांनी हात पुढे करून तिच्या कानामागची बट सारखी केली. मग पानाकाकांकडे पाहून म्हणाले, "आणि तू इतका म्हातारा कधी झालास?"

"तुला नंबर सांगून सांगून," पानाकाका म्हणाले.

दोन महिन्यांनी मंत्रालयातून पाहणीला एक अधिकारी बाई आल्या. बारीक अंगाच्या, पायात साधे बूट, हातात अर्जाची जाड प्रत. मोठ्या साहेबांनी गाडी सांगून ठेवली होती, पण बाई म्हणाल्या, चालू. सकाळी साडेनऊला त्या स्टेशनपासून पुलापर्यंत तीन किलोमीटर चालल्या. ती त्यांच्यामागे आणि साहेब घाम पुसत तिच्यामागे. शेजारून त्यांच्या वेगानेच गाड्या चालल्या होत्या. एका मोटारीतला मुलगा पूर्ण वाटभर त्यांच्याकडे बघून हात हलवत होता.

रुग्णालयाच्या फाटकाशी बाई थांबल्या आणि त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"ही मोजणी पुन्हा का केलीत?"

मोठे साहेब काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मोजणाऱ्यांना पलीकडची बाजू दिसत नव्हती. मोतीबिंदू होता. ते कळलं तेव्हा पुन्हा मोजलं."

"कळलं कसं?"

"पुढच्या ठिकाणाशी आकडे जुळेनात."

"कोण होते मोजणारे?"

"माझे वडील. या रस्त्यावर बस चालवायचे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या थांब्याकडे. एक बस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली होती आणि माणसं गाड्यांमधून तिच्याकडे निघाली होती. बाईंनी घड्याळात बघितलं आणि बस निघेपर्यंत नजर उचलली नाही.

"बावन्न सेकंद," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे अर्ज येतात त्यांतल्या बहुतेकांचे आकडे पहिल्याच दिवशी जुळलेले असतात. ते मी दोनदा तपासते." एवढं बोलून त्या पुढे चालू लागल्या.

उत्तर यायला आणखी सात महिने लागले. तोवर साहेबांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि त्यांनी काचेखालच्या पत्राकडे बघणं सोडून दिलं होतं. एका मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते उभे होते, हातात कागद होता, आणि तो त्यांनी तिच्याकडे न देता स्वतःच मोठ्याने वाचला. तीनपैकी पावणेदोन किलोमीटरला मंजुरी होती, स्टेशनपासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत. उरलेल्या भागाचा अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा करायचा होता. थांब्यांच्या खोबणी आणि फूटपाथची रुंदी अर्जात आहे तशीच ठेवण्याची अट होती.

"अर्धाच झाला, साहेब."

"अर्ध्याहून जास्त," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. मग शिपायाला बोलावून सगळ्यांसाठी चहा सांगितला. आपला चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

तिने घरी फोन लावला. बाबांनी बातमी ऐकली आणि पहिलं काय विचारलं तर, "खोदायला कुठून सुरुवात करणार?"

"अजून ठरलं नाही. बहुतेक स्टेशनकडून."

"स्टेशनकडून नको. सकाळच्या सगळ्या बस तिथून सुटतात, पहिल्या दिवशीच बोंब होईल. रुग्णालयाकडून सुरू करा, डावी बाजू आधी. आणि शाळा सुटायच्या वेळेला ट्रक आत घेऊ नका. लिहून घेतेस ना?"

मागून पानाकाकांचा आवाज येत होता, डावी नाही, उजवी बाजू आधी, याला काही कळत नाही. बाबा त्यांच्याशी वाद घालू लागले आणि फोन हातात आहे हे विसरून गेले. तिने साहेबांच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन घेतलं आणि दोघांचंही म्हणणं लिहून घेऊ लागली.